जबड्याच्या ऑपरेशनात बीपी मुद्दाम का उतरवतात?

प्रश्न चंद्रपूरच्या एका वडिलांचा आहे. मुलगी बावीस वर्षांची. दोन वर्षं ब्रेसेस लावून झाल्या, आता वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही जबड्यांचं ऑपरेशन ठरलंय. भूलतपासणीला गेल्यावर भूलतज्ज्ञ म्हणाले, "रक्त कमी जावं म्हणून मधला काही वेळ आम्ही बीपी मुद्दाम कमी ठेवू." तेव्हापासून वडिलांना झोप नाही. त्यांना स्वतःला बीपीची गोळी चालू आहे, आणि एकदा वरचं बीपी ९० वर आलं तेव्हा ते बाथरूममध्ये कोसळले होते. ते विचारतात, मला ९० ला भोवळ आली, मग पोरीचं बीपी मुद्दाम खाली आणणं धोक्याचं नाही का? नको म्हणता येईल का? आणि रक्ताच्या बाटल्या तयार ठेवल्या तर हे टळेल का?

मी नागपुरात गेली चोवीस वर्षं भूल देते, त्यातली सोळा-सतरा वर्षं जबड्याच्या सर्जनांसोबत. हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी ऐकावा लागतो, आणि दर वेळी वाटतं की चूक आमची आहे. आम्ही घाईत "बीपी कमी ठेवू" एवढंच बोलून पुढच्या पेशंटकडे वळतो. किती कमी, किती वेळ, कुठे मोजून आणि कोणाचं, हे चार शब्द आमच्याकडून राहून जातात. खरा प्रश्न त्या चारांत आहे. तिची तपासणी मी केलेली नाही, त्यामुळे खाली जे लिहिते ते माझ्या पद्धतीचं आहे. तिच्या बाबतीत शेवटचा शब्द तिच्या भूलतज्ज्ञांचा.

आधी, रक्त एवढं जातं कुठून? गुडघ्याच्या ऑपरेशनला मांडीला पट्टा आवळून रक्तपुरवठा थांबवता येतो. चेहऱ्यासाठी तो पट्टा कुठे बांधणार? गळा सोडून जागा नाही. वरचा जबडा सुटा करताना दातांच्या मुळांच्या वरून, नाकाच्या कडेपासून गालाच्या हाडापर्यंत आडवा काप घेतात. या कापाला 'ल फोर वन' म्हणतात. रने ल फोर या फ्रेंच सर्जनने १९०१ साली चेहऱ्याचं हाड कुठल्या रेषांवर तुटतं ते दाखवलं, त्यांतली ही सगळ्यात खालची रेषा. समोरचं दिसतं. मागे, अक्कलदाढेच्याही पलीकडे, वाकडी छिन्नी लावून जबडा कवटीच्या बुडापासून सोडवायचा असतो आणि ते काम बरंचसं बोटाच्या अंदाजाने चालतं. त्याच कोपऱ्यात वरच्या जबड्याच्या मोठ्या धमनीच्या फांद्या आहेत आणि शिरांचं एक जाळं आहे. शिवाय कापलेलं हाड स्वतः पाझरतं. कातडीतली रक्तवाहिनी चिमट्यात धरून जाळता येते, हाडातला पाझर धरायला काही नसतं.

म्हणजे रक्त वाचवणं हा एक हेतू झाला. दुसरा तितकाच मोठा, आणि नातेवाइकांना तो कोणी सांगत नाही: सर्जनला दिसलं पाहिजे. काम तोंडातून चाललेलं असतं, जागा चार बोटांची. खालचा जबडा उभा चिरताना ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस हाडाच्या आतून जाते. ती रक्तात बुडाली असेल तर छिन्नी आंधळी चालते. मैदान, म्हणजे काम चाललेली जागा, कोरडं असेल तर ऑपरेशनही लवकर उरकतं.

आता 'किती'. बीपीचे दोन आकडे असतात, पण ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, आमचं लक्ष तिसऱ्याकडे असतं: सरासरी दाब. आम्ही त्याला 'मीन' म्हणतो. काढायला सोपा आहे. खालच्या आकड्यात, वरच्या-खालच्यातल्या फरकाचा एक तृतीयांश मिळवा. तुमच्या मुलीचं बीपी ११०/७० आहे असं धरू. मीन आला ८३. तिच्यासारख्या निरोगी मुलीत मी हा मीन ६५ च्या आसपास आणते, म्हणजे मॉनिटरवर साधारण ८५/५५ दिसेल. शांत झोपेत बीपी एरवीही दहा-वीस टक्के उतरतंच. मी मागते ते त्याच्या थोडं खाली, वीस-बावीस टक्के. आकडा ऐकायला वाटतो तेवढा भयंकर नाही.

आता तोच ६५ तुमच्यावर लावून बघा. गोळी सुटली आणि बीपी १५०/९५ वर गेलं असं समजा. मीन ११३. त्यावरून ६५ म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त घसरण. मेंदू, मूत्रपिंड, हृदय हे अवयव दाब थोडा वर-खाली झाला तरी आपला रक्तपुरवठा सांभाळून घेतात, पण या सांभाळण्याला खालची एक हद्द असते. डॅनिश शास्त्रज्ञ नील्स लासेन यांनी १९५९ साली मेंदूसाठी ती हद्द आलेखावर दाखवली, आणि मीन ५० हा आकडा आमच्या पाठ्यपुस्तकांत पक्का बसला. मी शिकले तेव्हा ५० म्हणजे जणू लक्ष्मणरेषा होती. आज अनेक जण ती ६० ते ७० च्या दरम्यान धरतात, आणि माणसागणिक ती वेगळी असते हे मान्य करतात. वर्षानुवर्षं बीपी चढं असलेल्या माणसात ती आणखी वर सरकलेली असते. तुम्हाला ९० ला भोवळ आली त्यात हे एक कारण असू शकतं. दुसरं म्हणजे तुम्ही उभे होतात, आणि तिसरं म्हणजे जागे होतात. भूल दिलेला मेंदू कमी काम करतो, त्याची प्राणवायूची भूकही कमी असते. पलंगावर आडवी, भुलेखाली असलेली बावीस वर्षांची मुलगी आणि बाथरूममध्ये उभे असलेले तिचे वडील यांची तुलना होत नाही.

म्हणून काही जणांमध्ये मी बीपी उतरवतच नाही, किंवा नावापुरतं उतरवते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, आधी अर्धांगाचा झटका, मूत्रपिंड कमजोर, गरोदरपण, ताब्यात नसलेलं बीपी, अंगात रक्त कमी. झोपेत श्वास अडकतो म्हणून जबडा पुढे घ्यायला आलेले पन्नाशीचे, वजनदार, बीपी असलेले पेशंट हा तर वेगळाच वर्ग. ऑपरेशन तेच, माणूस वेगळा. आणि आपल्या विदर्भात एक गोष्ट मी न चुकता बघते, ती म्हणजे सिकलसेलची तपासणी. सिकलसेलचा आजार असलेल्या पेशंटमध्ये रक्ताची गती मंदावली, अंग गार पडलं की लाल पेशी विळ्यासारख्या वाकून अडकायला लागतात. तिथे कोरड्या मैदानाचा हट्ट कोणी धरू नये. तुम्ही चंद्रपूरचे आहात, तिची ही तपासणी झाली नसेल तर आधी करून घ्या.

बीपी मुद्दाम उतरवण्याची ही कल्पना काही काल-परवाची नाही. मेंदूचे सर्जन हार्वी कुशिंग यांनी १९१७ सालीच ती मांडली होती. १९४६ साली गार्डनर नावाच्या सर्जनने पेशंटच्या धमनीतून रक्त काढून बीपी खाली आणलं आणि काम झाल्यावर तेच रक्त परत दिलं. आज वाचताना अंगावर काटा येतो. १९५० साली इंग्लंडमधल्या ईस्ट ग्रिन्स्टेडच्या रुग्णालयातले भूलतज्ज्ञ हेल एन्डरबी यांनी औषधं आणि टेबलाचा उतार यांची जोड घातली. हे रुग्णालय दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या वैमानिकांचे चेहरे आणि जबडे उभे करण्यासाठी नावाजलेलं होतं, तेव्हा गरज कुठून आली ते कळतं. औषधं बदलली, उतार मात्र आजही तोच आहे.

आता मी प्रत्यक्षात काय करते ते सांगते. औषधांच्या आधी फुकटचे उपाय येतात. टेबल डोक्याकडून दहा-पंधरा अंश वर. एवढ्यानेच शिरांतलं रक्त खाली ओघळतं आणि मैदान निम्मं सुधारतं. नळी नाकातून घातलेली असते, कारण तोंड सर्जनच्या ताब्यात. श्वास मशीनवर हलक्या दाबाने चालतो, छातीत दाब वाढला की चेहऱ्याच्या शिरा फुगतात. श्वासातला कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४० मिमी पाऱ्याच्या मध्ये. तो फार उतरला तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि कमी बीपीवर तेवढं आपल्याला परवडत नाही. सर्जन हिरडीत ॲड्रेनलिन मिसळलेलं लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध, टोचतात, त्यामुळे तिथल्या बारीक वाहिन्या मिटतात. ते टोचल्यावर काही मिनिटं नाडी उसळते. तेव्हा घाबरून बीपीची औषधं मारायची नसतात, थांबायचं असतं. हे शिकायला मला दोनेक वर्षं लागली.

काप घेण्याआधी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देते, वजनाच्या किलोमागे दहा-पंधरा मिलिग्रॅम. पाळीत फार रक्त जातं म्हणून डॉक्टर जी गोळी देतात, तेच औषध. उताको ओकामोतो या जपानी डॉक्टर बाईंनी पतीसोबत बाळंतपणातल्या रक्तस्रावावर उपाय शोधताना १९६२ साली ते जगासमोर आणलं. हे औषध हाताशी आल्यापासून मला बीपी पूर्वीइतकं खाली न्यावं लागत नाही. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल तर मात्र आधी सांगा.

मग भूल खोल करणं. प्रोपोफॉल सिरिंज पंपावर, फेंटानिल, आणि डेक्समेडेटोमिडिन. या तिसऱ्या औषधाने नाडी शांत राहते, आणि माझ्या मते अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते. नुसत्या आकड्याच्या मागे लागलं तर काय होतं बघा. नायट्रोग्लिसरीन चालू केलं, मीन झटकन ६२. मॉनिटर सुंदर दिसतो. पण नाडी ७० ची १०५ झालेली असते, कारण शरीर खाली गेलेला दाब भरून काढायला धडपडतं. वाहिन्या सैल, हृदय धावतंय, आणि पडद्यापलीकडून सर्जनचा आवाज येतो, "मॅडम, अजून ओघळतंय." तेच बीपी ६८ ठेवून नाडी साठीत आणली तर पलीकडे शांतता. म्हणून गरज पडली तर मी आधी थोडं थोडं लॅबेटॅलॉल, म्हणजे बीपी उतरवताना नाडी धावू न देणारं औषध, देते, नायट्रोग्लिसरीन अगदी शेवटी. माझ्या कानाला सक्शनच्या, म्हणजे रक्त ओढून घेणाऱ्या नळीच्या, आवाजाची सवय झालीये. कोरडा फुसफुस आवाज म्हणजे ठीक. गुळगुळ आवाज सलग यायला लागला की मी मॉनिटर सोडून उठते आणि पडद्यावरून डोकावते.

सक्शनच्या बाटलीचंही एक आहे. नातेवाइकांना कोणीतरी सांगतं, "बाटलीभर रक्त गेलं." हाड कापताना ते तापू नये म्हणून सतत सलाईनने धुतात, ते सगळं त्याच बाटलीत जातं. बाटलीत १२०० मिली असेल आणि धुण्याला ८०० वापरलं असेल तर रक्त ४०० मिली. सिस्टर फळ्यावर धुण्याचा हिशोब लिहिते तो त्यासाठीच.

आतापर्यंतचं दोन ओळींत: तरुण, निरोगी पेशंटमध्ये मीन ६५ च्या आसपास, तोही आधी उतार, खोल भूल आणि शांत नाडी यांच्या जोरावर. आकड्यापेक्षा मैदान बघायचं, आणि मैदान पुरेसं कोरडं असेल तर ७० वरच थांबायचं.

'कुठे मोजून' यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे मी स्वतः ठेच खाल्लीये. मनगटाच्या धमनीत बारीक सुई ठेवून आम्ही दर ठोक्याला बीपी बघतो. त्या सुईची नळी ट्रान्सड्यूसर नावाच्या छोट्या डबीला जोडलेली असते आणि ती डबी ज्या उंचीला आहे तिथला दाब मॉनिटरवर येतो. रक्ताचा स्तंभ साधारण १३ सेंटिमीटर उंच झाला की १० मिमी पाऱ्याचा फरक पडतो. डोकं वर केलेलं असताना दंडावर ६५ दाखवणारं बीपी मेंदूच्या पातळीला ५७-५८ असू शकतं. म्हणून डबी कानाच्या भोकाच्या रेषेत ठेवायची.

बरीच वर्षं झाली, सव्वीस वर्षांचा मुलगा होता. डबी सलाईनच्या स्टँडला व्यवस्थित कानाच्या रेषेत बांधली होती. सर्जन उंच. अर्ध्या तासाने ते म्हणाले, "टेबल जरा वर घ्या." टेबल वीतभर वर गेलं. पेशंट वर गेला, स्टँडवरची डबी होती तिथेच राहिली. मॉनिटरने खोटंच १५ मिमी जास्त दाखवायला सुरुवात केली, आणि मी 'चढलेलं' बीपी औषध वाढवून पुन्हा खाली आणलं. मॉनिटरवर मीन ६६, मी समाधानी. तेवढ्यात दुसऱ्या दंडाचा कफ, म्हणजे बीपीचा पट्टा, फुगला आणि आकडा आला ५१. पहिला विचार काय आला असेल? कफ बिघडला. सगळ्यांना तोच येतो. पुन्हा फुगवला, ५०. मग बोटाच्या ऑक्सिमीटरची लाट बघितली, ती चपटी झाली होती. मान वळवून स्टँडकडे पाहिलं तेव्हा पोटात गोळा आला. औषधं बंद केली, बीपी चढवणारं मेफेंटरमिन दिलं, दोनेक मिनिटांत मीन सत्तरीत आला. एकूण दहा मिनिटं गेली असतील. ऑपरेशन संपल्यावर मुलाने डोळे उघडले आणि हाताने खूण करून मोबाईल मागितला, तेव्हा कुठे मी खुर्चीत बसले. त्या दिवसापासून डबी स्टँडला बांधत नाही, टेबलालाच चिकटवते, आणि कफ दुसऱ्या हाताला ठेवतेच. तुम्ही तुमच्या भूलतज्ज्ञांना "बीपी दर ठोक्याला मोजणार का, आणि कुठल्या पातळीला?" एवढं नक्की विचारा. प्रश्न आगाऊपणाचा नाही. चांगल्या माणसाला तो आवडेल.

'किती वेळ' याचं उत्तर लहान आहे. दोन्ही जबड्यांचं काम चार ते सहा तास चालू शकतं, पण बीपी उतरवलेलं असतं ते वरचा जबडा सुटा करण्यापासून त्याला प्लेटा बसेपर्यंत. माझ्याकडे तो काळ तासाभरापासून दीड तासापर्यंत असतो. जबडा खाली मोडून सुटा करतात त्या क्षणी कधी कधी नाडी अचानक कोसळते, ६८ ची ४० होते. चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या नसेला ताण बसला की ती हृदयाला मंद हो म्हणून निरोप पाठवते. आम्ही "हात काढा" म्हणतो, सर्जन हात काढतात, बहुतेक वेळा काही सेकंदांत नाडी परत येते. नाडी वाढवणारं ॲट्रोपिन भरून हाताशी ठेवलेलं असतंच.

आणि टाके घालण्याआधी बीपी परत वर आणायचंच. ही पायरी गाळणारा भूलतज्ज्ञ मला चालणार नाही. कमी दाबावर एखादी तुटलेली वाहिनी गप्प पडून राहते, सगळ्यांना वाटतं छान कोरडं आहे, आणि रात्री वॉर्डात बीपी १३० झालं की ती तोंड उघडते. वर आणून, धुऊन, दहा मिनिटं वाट बघून मगच शिवायचं. यावरून माझे काही सर्जनांशी खटके उडालेत. दुसरा खटका मीन ५५ वरून: "मॅडम, अजून थोडं खाली घ्या ना." रूप आणि दातांचा चावा सुधारायला आलेल्या धडधाकट पोरीला मी ५५ वर नेत नाही. तिथून पुढे मिळणारं कोरडेपण थोडं असतं आणि माझ्या हातातलं अंतर संपलेलं असतं.

आता तुमचे उरलेले दोन प्रश्न. नको म्हणता येईल का? येईल, तुमचा आणि मुख्य म्हणजे तिचा तो हक्क आहे. ती बावीस वर्षांची आहे, सही तिची. पण सरसकट "बीपी कमी करू नका" म्हणण्यापेक्षा "मीन ६५ च्या खाली नको" अशी चर्चा करा. काहीच न करता राहिलं तर रक्त जास्त जाईल, वेळ वाढेल, सूज वाढेल.

रक्ताच्या बाटल्या यावर उतारा नाहीत. एखाद-दुसरी बाटली जुळवून ठेवतातच, ठेवावी. ती अडीअडचणीसाठी. दुसऱ्याचं रक्त देण्याचे स्वतःचे धोके असतात, आणि हिमोग्लोबिन बारा-तेरा असलेल्या तरुण पेशंटना माझ्याकडे ते क्वचितच लागतं. तिचं हिमोग्लोबिन नऊ-दहा असेल तर गोष्ट वेगळी: रक्तही कमी आणि दाबही कमी, हे दोन्ही एकाच वेळी मी करणार नाही. दोन महिने लोह देऊन तारीख पुढे ढकलणं चांगलं. हे ऑपरेशन पळून जात नाही. तिला पाळीत किती रक्त जातं, दात काढला तेव्हा किती वेळ वाहिलं, उभं राहिल्यावर चक्कर येते का, वैद्यांची किंवा जिमची काही औषधं चालू आहेत का, हे तिलाच बोलू द्या, आणि तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसा. मुली वडिलांसमोर यातलं निम्मं सांगत नाहीत.

आणि तुमचं स्वतःचं. बाथरूममधल्या त्या प्रकाराबद्दल तुमच्या फिजिशियनला सांगितलंय का? नसेल तर सांगा, गोळीचा डोस बघावा लागेल. ऑपरेशनच्या दिवशी उपाशी तिला राहायचंय. ओटीच्या बाहेर सकाळपासून चहाशिवाय बसलेले, गोळी विसरलेले बाप मी बरेच पाहिलेत. दोघांना तर तिथेच खुर्चीवरून उचलून कॅज्युअल्टीत न्यावं लागलं. तुम्ही नाश्ता करा, गोळी घ्या, मग या.